वाघोबाची खिंड आणि जावयाची गाडी

सिन्नरहून निघाले तेव्हा मला समुद्र बघायचा नव्हता, लेक बघायची होती. पण गावात मी समुद्र बघायला चालले असंच सांगितलं. लेकीच्या घरी कशाला चाललीस असं विचारणारे पुष्कळ असतात, समुद्राचं कोणी विचारत नाही.

दिवाळी होऊन गेली होती. नाशिकला एस.टी. बदलली आणि त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा रस्ता धरला. वळणं इतकी की माझ्या शेजारची बाई दोनदा ओकली. मी ड्रायव्हरच्या मागचं बाक धरलं होतं. मला खिडकी लागत नाही. ज्याच्या हातात आपला जीव दिला आहे त्याचे हात दिसले म्हणजे झालं. हा ड्रायव्हर वळण संपलं की स्टेअरिंग नुसतं सैल सोडायचा, आणि ते त्याच्या तळहाताखालून सरसर फिरून आपोआप सरळ व्हायचं. त्याला घाई नव्हती, मलाही नव्हती.

जव्हारच्या खाली उतरलं की देश संपतो. हवा घामट होते, बाजरी दिसत नाही, सगळीकडे भात. तेही कापून झालं होतं आणि खाचरांत नुसते बुडखे उरले होते. डोंगरउतारावर मात्र माणसाच्या कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालेलं, आणि ते कापायला बायकांच्या रांगा लागलेल्या. आमच्याकडे गवत जनावर खातं. इकडे त्याच्या पेंढ्या बांधून विकायला नेतात.

मनोरला उतरले. हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव, ट्रकांच्या रांगा, सुक्या मासळीचा वास. जावई घ्यायला आले होते. त्यांचं नाव सदाशिवराव. भावांची शेती सोडून दोन वर्षांपूर्वी ते इंदूला, म्हणजे माझ्या लेकीला, घेऊन बोईसरला आले. तारापूरला समुद्रकाठी विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम चाललं होतं, तिथं गाडी चालवीन म्हणाले. गाडी घेतली ती लष्करातून लिलावात निघालेली जुनी पिकअप, पुढं दोघातिघांना बसायला टप आणि मागं उघडा हौदा. मूळचा हिरवा रंग, त्यावर निळा मारलेला. पुढं शेंदराची पाच बोटं आणि दसऱ्याचा झेंडूचा हार, वाळून काळा पडलेला.

त्यांनी पाया पडून माझं गाठोडं उचललं, पण चेहरा काही बरा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, गाडी एका मिस्त्रीला दाखवतोय, जरा थांबावं लागेल.

मिस्त्री गाडीखाली झोपला होता. बाहेर येऊन म्हणाला, स्टेअरिंगचा डबा ढिला असेल म्हणून आवळला आहे. मग त्यानं विचारलं, गाडीचं काही खोललं होतं का मध्ये? जावई म्हणाले, नटाला हात लावला नाही. मिस्त्रीनं खांदे उडवले.

वाटेत जावयांनी सांगितलं ते असं. गाडी सरळ चालत नव्हती. रस्ता सरळ असला तरी ती कधी डावीकडे जायची, कधी उजवीकडे, आणि माघारी आणायला गेलं की पलीकडे जास्त जायची. आणि सोमवारपासून त्यांना पहिलं कायमचं काम मिळायचं होतं. वाघोबाच्या खिंडीच्या आसपासच्या पाड्यांवरच्या (डोंगरातल्या वस्त्यांवरच्या) बायका बांधकामावर घमेली वाहायला जात. त्यांना सकाळी खिंडीतून उचलून तारापूरला न्यायचं, संध्याकाळी परत सोडायचं. ठेकेदारानं सांगून ठेवलं होतं की सोमवारी बायका वेळेवर आल्या नाहीत तर काम दुसऱ्या गाडीला. हे काम गेलं तर गाडी विकून भावांच्या दारात जाऊन उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मला कळलं.

तो दिवस शनिवार होता.

मासवणला सूर्या नदीचा पूल ओलांडला आणि चढ लागला. चढावर गाडी बरी चालली. डबा आवळल्यामुळे स्टेअरिंग जड झालं होतं आणि जावई दोन्ही हातांनी चक्की ओढल्यासारखं ते ओढत होते. खिंडीत रस्त्याच्या कडेला वाघोबाचं ठाणं आहे. सगळे गाडीवाले तिथं थांबतात. जावयांनी नारळ फोडला, घंटा वाजवली, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि निर्धास्त झाले. मी काही झाले नाही.

खिंडीतून पालघरच्या बाजूला उतार सुरू झाला. दुसऱ्या वळणावर समोरून गवताची बैलगाडी चढत होती. जावयांनी ब्रेक दाबला. ब्रेक दाबताच गाडीचं नाक खाली बसलं आणि गाडी सरळ उजवीकडे, बैलांच्या अंगावर निघाली. जावयांनी स्टेअरिंग ओढलं तशी ती एकदम डावीकडे पळाली, रस्ता सोडून चराच्या (पाणी वाहायच्या खोलगट वाटेच्या) कडेला पुढचं चाक लोंबकळत थांबली. माझं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. रक्त नाही आलं, टेंगूळ आलं.

बैल फुरफुरत होते. मग गवताच्या ढिगावरून एक बाई वाकून बघू लागली. चाळिशीची असेल. अंगानं वाळलेली आणि आवाजानं दांडगी.

ती म्हणाली, "ताडी तू प्यालास का गाडी?"

गाडीवान हसला. जावई खाली उतरले. ती बाई खाली आली, गाडीवानाबरोबर तिनंही मागून खांदा लावला, गाडी रस्त्यावर आली. तेव्हा तिनं जावयांना नीट पाहिलं.

"सोमवारी आमाला न्यायला येनार तो तूच ना?"

जावई हो म्हणाले. ती पुन्हा ढिगावर चढली आणि दिसेनाशी होईपर्यंत आमच्याकडे बघत राहिली. तिचं नाव जानी, कामावरच्या बायकांची पुढारीण, असं जावयांनी मागून सांगितलं. तिनं नाही म्हटलं की एकही बाई बसणार नाही, हेही सांगितलं.

पालघरला स्टेशनाबाहेर भजी आणि चहा घेतला. भजी बरी होती, चहा नुसता गोड. तिथं एका टायरवाल्यानं चाकांतली हवा पाहिली. पुढच्या डाव्या चाकात कमी निघाली. जावयांचा चेहरा उजळला. हवा भरून घेतली. टायरवाल्यानंही तेच विचारलं, काही खोललंय का, आणि जावयांनी तेच उत्तर दिलं.

पालघर ते बोईसर रस्ता सपाट आहे. उमरोळीपर्यंत गाडी बरी वाटली, मग पुन्हा तेच. सायकलवाला दिसला की मी पाय पत्र्याला रोवून बसत होते. बेटेगावच्या अलीकडे एका वळणावर पाहिलं, वळण संपलं तरी स्टेअरिंग वळलेलंच राहिलं. जावयांनी ओढून सरळ केलं तेव्हा झालं. मी ते मनात ठेवलं. जावयाला पहिल्याच दिवशी काय बोलायचं.

इंदूचं घर म्हणजे कुडाची भिंत आणि वर पत्रा, अशा वीसेक खोल्यांची ओळ. शेजारी कोणी सातारचं, कोणी खानदेशातलं, पलीकडे उत्तरेकडचे भय्ये. इंदू वाळली होती. ती स्वतः त्याच बांधकामावर घमेली वाहत होती, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगून काय केलं असतंस? खरं होतं.

तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. भाकरी पांढरीफेक आणि मऊ, पण पोटात गेल्यावर काही खाल्लं असं वाटत नाही. कालवण मात्र झणझणीत होतं. माझ्या कपाळावरचं टेंगूळ तिनं पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता.

रविवारी सकाळी जावयांनी हौद्यात वाळूची पोती भरली. म्हणाले, गाडी रिकामी आहे म्हणून हलते, भरली की स्थिर होईल. मीही टपात चढले. इंदू म्हणाली, आई, तू कशाला? मी म्हटलं, समुद्र बघायचाय.

आम्ही चिंचणीकडे निघालो आणि गाडी खरंच सरळ चालली. जावई शीळ घालू लागले. ताडाची झाडं, वाड्या, वालाची रोपं, मग बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या ओळीच्या ओळी, आणि त्यांच्या मागं समुद्र. तर समुद्र असा आहे. तो मातकट आहे, मोठा आहे आणि एका जागी बसत नाही. दक्षिणेला लांबवर तारापूरच्या बाजूला उंच परांच्या आणि ओझी उचलायच्या लोखंडी याऱ्या दिसत होत्या. मी पाय बुडवले, तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसलं. एवढ्यासाठी लोक इतक्या लांब येतात.

जावई आनंदात होते. म्हणाले, "मामी, बघितलंत? भार पाहिजे होता. उद्या वीस-पंचवीस बायका चढल्या की गाडी अशीच दोरीत चालेल."

मी म्हटलं, "सदाशिवराव, काल गाडी सपाटीवर नाही गेली चरात. उतारावर ब्रेक दाबला तेव्हा गेली."

ते म्हणाले, तेव्हा रिकामी होती. मी म्हटलं, वळणावर स्टेअरिंग आजही आपोआप माघारी येत नाही. एस.टी.चा ड्रायव्हर सोडून द्यायचा आणि ते यायचं. तुमचं का येत नाही? ते म्हणाले, एस.टी. वेगळी, ही गाडी वेगळी, आणि मामी, तुम्हाला गाडीतलं काय कळतं. बरोबर होतं. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण वाळू सांडली तर घमेल्यानं भरता येते, एवढं कळत होतं, आणि तेवढं मी बोलले.

त्यावर जावई रुसले. आमच्याकडे सासूनं जावयाला दुखवायचं नसतं. जावई ताटावरून उठला तर लेकीला भोगावं लागतं. मला ते सगळं ठाऊक होतं. तरी बोईसरला आल्यावर मी गाडीतून उतरले नाही. मी म्हटलं, इथं कोणी चांगला मिस्त्री असेल त्याच्याकडे न्या, नाहीतर उद्या बायकांच्या आधी मी गाडीत चढते आणि खिंडीत प्रत्येकीला सांगते की ही गाडी काल चरात कशी गेली.

इंदू दारात उभी होती. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, जाऊया.

लालजी मिस्त्री म्हणून उत्तरेकडचा एक माणूस स्टेशनाच्या पलीकडे झाडाखाली काम करायचा. पोट सुटलेला, तोंडात तंबाखू. जावई रागातच होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि बाजूला विडी ओढत उभे राहिले. लालजीनं जॅक लावून पुढची चाकं उचलली. आधी चाक वर आणि खाली धरून हलवलं. म्हणाला, इथं ढिलं असतं तर चाक ज्यावर फिरतं तो खिळा झिजला म्हणायचं. झिजला नव्हता. मग दोन्ही बाजूंना धरून हलवलं. तिथं ढिलं असतं तर दोन्ही चाकं जोडणारा दांडा गेला म्हणायचं. तोही घट्ट होता. मनोरच्या मिस्त्रीनं आवळलेला डबा त्यानं पुन्हा होता तितका सैल केला आणि शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही. मग तो जमिनीवर बसला आणि गाडीकडे बघत राहिला. हे बघणं फार वेळ चाललं. जावयांनी दुसरी विडी पेटवली.

"कब से ऐसा है?" लालजीनं विचारलं.

जावई म्हणाले, दसऱ्यानंतर.

"दसरे में कुछ खोला था?"

"कुछ नहीं खोला."

तिसऱ्यांदा तेच उत्तर, आणि जावई खोटं बोलत नव्हते. हे मी आजही सांगेन. त्यांच्या तोंडावर खोटेपणा नव्हता. पण माझ्याशेजारी इंदूचा हात माझ्या दंडावर आवळला. मी तिच्याकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा तिच्याकडे बघत नव्हता.

मी म्हटलं, इंदू, बोल.

ती म्हणाली, "दसऱ्याला ह्यांनी पुढचे पाटे सगळे उतरवले होते. मीच धुतले. एकेक पाटा घासून तेल लावून उन्हात ठेवला होता."

जावई उसळले. "ती पूजा होती. ते काही खोलणं नव्हे."

आता हे सगळ्यांनाच समजेल. आपल्याकडे दसऱ्याला नांगर, विळा, सुतार असेल तर पटाशी, जे पोटाला घालतं ते धुऊन पुसून मांडतात. जावयांनी गाडीची पूजा करायची ती वरवर कशाला म्हणून पुढची चाकं काढली, गाडीचा भार पेलणारे लोखंडी पाटे काढले, देव घासावेत तसे घासले, शेंदूर लावला, पुन्हा बसवले. बिघाड झाला म्हणून खोलणं वेगळं आणि देवासाठी खोलणं वेगळं. त्यामुळे मिस्त्री विचारायचा तेव्हा त्यांना ते आठवायचंसुद्धा नाही. आणि आठवलं असतं तरी, पूजेनं गाडी बिघडली असं ते कोणत्या तोंडानं म्हणणार?

लालजी हसला नाही. तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि पाट्याखालचे नट खोलू लागला. थोड्या वेळानं त्यानं दोन लोखंडी पाचरी काढून आणल्या. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ, आपण कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतो तशा, पण चपट्या. म्हणाला, ही पच्चर. पाटा आणि पुढच्या चाकांचा आडवा कणा यांच्यामध्ये बसते, जाड टोक मागं. त्यामुळे कणा जरा मागं कलतो आणि चाकं आपोआप सरळ यायला बघतात. तुमच्या दोन्ही जाड टोक पुढं करून बसवल्या आहेत. कणा पुढं कललाय. आता चाकांना सरळ राहायचं कारणच नाही.

मी विचारलं, मग वाळू भरल्यावर सरळ कशी चालली? तो म्हणाला, माई, मागं भार पडला की गाडीचं नाक वर होतं, कणा थोडा मागं कलतो, म्हणून बरी वाटते. उतारावर ब्रेक मारला की नाक खाली. मग भरलेली असो की रिकामी, ती जाणार.

जावयांनी विडी टाकली. ते खाली बसले, पाचर हातात घेतली आणि उलटसुलट करून बघू लागले. इंदू त्यांच्याजवळ गेली नाही. मीही गेले नाही. मग ते आपणच बोलले, कोणाकडे न बघता. म्हणाले, "पंचवीस बायका असत्या."

पुढचं कामही काही सोपं गेलं नाही. एका बाजूचा बोल्ट आवळताना त्याचे आटे गेले, दुसरा मिळेना, लालजीनं दुसऱ्या कुठल्यातरी भंगार गाडीतून काढून आणला. अंधार पडायच्या आत गाडी चाकांवर आली. लालजीनं स्वतः बसून ती गावाबाहेर नेली, वळवली, आणि हात सोडले. स्टेअरिंग सरसर फिरून सरळ झालं. पण उतरताना तो म्हणाला, ही सपाटी आहे. उतारावर ब्रेक मारून बघ, मग माणूस बसव. आणि आवळलेले नट एक फेरी झाली की पुन्हा आवळ.

सोमवारी पहाटेच आम्ही तिघं टपात बसून निघालो, मागं वाळूची पोती तशीच. पालघर सोडलं, चढ चढलो. खिंडीत पोचलो तर वाघोबाच्या ठाण्यापाशी बायका उभ्या होत्या, हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. जानी पुढं होती. एकीनंही गाडीकडे पाऊल टाकलं नाही.

जावयांनी मला आणि इंदूला उतरवलं. जानीसमोर गेले आणि म्हणाले, "गाडीत दोष होता. मीच केला होता. काल काढलाय. आधी मी एकटा उतरून दाखवतो, मग ठरवा."

जानी म्हणाली, "जा."

ते गेले. खिंडीतून उतार जितका दिसतो तितका आम्ही सगळ्या कडेला उभ्या राहून बघत होतो. गाडी पहिलं वळण घेऊन गेली. दुसरं वळण, जिथं शनिवारी आम्ही चरात गेलो, तिथं उतार सगळ्यांत जास्त. तिथं त्यांनी ब्रेक दाबला. वरपर्यंत करकर आवाज आला. इंदूनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. गाडीचं नाक खाली बसलं, मागची पोती पुढं सरकली, आणि मागच्या काचेतून जावयांचे दोन्ही हात वर झालेले दिसले. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली आणि थांबली.

ते गाडी वळवून वर आले तेव्हा अंगरखा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी पोती एकेक करून रस्त्याच्या कडेला उतरवली. बायका कुजबुजत होत्या. मग जानीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपाच्या दारापाशी थांबली. इंदू आणि मी आत चढत होतो.

"तुजी बायको पुडं काचंत, आनि आमी मागं," जानी म्हणाली. "गाडी पडली तं कोन मरंल?"

जावई माझ्याकडे बघू लागले. मी इंदूकडे पाहिलं. कोणी तिला सांगितलं नाही. ती दारातून खाली उतरली, पदर खोचला, मागं गेली, चाकावर पाय देऊन हौद्यात चढली आणि फळी धरून उभी राहिली. जानीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, सरक तिकडं, आणि तिच्याशेजारी चढली. मग बाकीच्या चढल्या. हौद्यात जागा राहिली नाही.

मी पुढंच बसले. माझे गुडघे मागं चढू देत नाहीत. पण मान वळवून बसले होते. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर जावयांनी ब्रेक दाबला, बायका एकमेकींवर रेलल्या, कोणीतरी शिवी घातली, कोणीतरी हसली. जावयांचे हात आता ओढत नव्हते. वळण संपलं की ते सैल सोडत होते.

तारापूरला फाटकाशी ठेकेदाराचा माणूस उभा होता. आम्हाला थोडा उशीर झाला होता. त्यानं बायका मोजल्या, उशीर का म्हणून जावयांना झापलं, आणि उद्या वेळेवर ये म्हणाला. उद्या ये म्हणाला, एवढ्यावर आमचं भागलं. इंदू बाकीच्यांबरोबर आत गेली, मागं वळून पाहिलं नाही. तिला घमेलं घ्यायचं होतं.

मी आणखी आठवडाभर राहिले. नट दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळले, ते जावयांनी न सांगता आवळले. जानी मला एकदा भेटली, माझ्या टेंगळाकडे बघून म्हणाली, म्हातारे, हाय का गेलं? मी म्हटलं, गेलं. ती म्हणाली, आमाला वाटलं तुमच्यात जावयाला कोन बोलत नाय. मी म्हटलं, नाहीच बोलत. ती खदखदून हसली.

परतीच्या दिवशी संध्याकाळी जावयांनी बायकांना खिंडीत सोडलं आणि मला पुढं मनोरला एस.टी.त बसवलं. निघताना पाया पडले. मी त्यांना सांगितलं की पुढच्या दसऱ्याला पाटे काढले तर कुठलं टोक कुठं होतं ते आधी खडूनं लिहून ठेवा. ते म्हणाले, मामी, पुढच्या दसऱ्याला नुसतं हळदकुंकू. मी म्हटलं, तेही चालेल.

गावी आले. चार बायका जमल्या, समुद्र कसा होता म्हणाल्या. समुद्राचं चार वाक्यांत आटपलं आणि मग हे सगळं सांगितलं. त्यांना जावयाचं, पाचरीचं काही वाटलं नाही. एकच गोष्ट खटकली. लेक उघड्या हौद्यात चढली आणि तू आई असून उतर म्हणाली नाहीस?

नाही, मी उतर म्हणाले नाही. गाडी त्या उतारावर सरळ उतरलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. आणि नसती उतरली, तर एकट्या इंदूला नसतं उतरवलं. सगळ्यांनाच उतरवलं असतं.